अकराचं ऊन

चप्पल पायातनं कधी निसटली, कळलंच नाही.
सुभाषनगरच्या कोपऱ्यापासून एका पायानं अनवाणी आले,
मागनं हिंदुरावांचा पोरगा धावत,
"काकी, तुमचीच ही. वेणीवरनं ओळखली."
बावीस वर्षं चामड्याची वेणी घालतेय मी.
माझीच चप्पल, माझाच पाय,
दोघांनी एकमेकांना सोडलं, मला न विचारता.

मग एमआरआय, पाठीतलं पाणी, आणि दोन अक्षरं.
शेजारची आक्का म्हणाली,
"एमएस? तेजलचं का? अमेरिकेत?"
न्हाई आक्का, माझं. इथंच. मणक्यात.

डॉक्टर मगदूम कागदावर वायर काढतात:
वरचं कव्हर सोललंय, करंट गळतोय.
रक्तात डी नऊ निघालं.
"ऊन घ्या. ही पुडी आठवड्यातनं एक, दुधातनं.
पुडीनं रोग जात नाही हां,
कमी पडलंय तेवढं भरायचं. इंजेक्शन चुकवू नका."

रविवारी रात्री गंगावेशीत बाबासो म्हशीखाली बसतो.
पैलवान लिटरभर एका दमात उतरवतात,
मी पेलाभर, दोन हातांनी धरून.
"कसली पावडर, काकी? प्रोटीन?"
हां बाबा, तीच.
तुझं मैदान कधी आहे?

ऊन घ्या म्हणणं सोपं.
अकराचं ऊन हाडांना लागतं
आणि अकराच्याच उन्हात उजवा डोळा विझत जातो.
आधी लाल जातो. गोंडा विटकरी दिसायला लागतो.
मग नुसत्या मुंग्या.
म्हणून गच्चीवर पाय उन्हात, डोकं पत्र्याच्या सावलीत,
मानेला ओला पंचा.
अर्धी बाई वाळत घातलेली.
सावली सरकली की मीही सरकते.

तेजलनं पुण्याहून दिवा पाठवलाय, पाटाएवढा, पांढरा.
सकाळी अर्धा तास समोर बसायचं, थकवा हटतो म्हणे.
हटतो का, खरं सांगू, कळत नाही.
पण त्या उजेडात टाका चुकत नाही
म्हणून तासभर बसते.

नोव्हेंबरात किरणोत्सवाला गेले, गर्दीच्या कडेनं, भिंत धरून.
अंबाबाईच्या पायावर किरण, मग गुडघे, मग कंबर,
आणि तिथंच ढग आला.
लोक हळहळले.
माझं दुखणं त्याच वाटेनं चढतंय,
मी हात जोडून म्हटलं, कमरेवरच थांबू दे.
कुणाला म्हटलं, देवीला की ढगाला, माहीत नाही.

आता माझ्या चपलेला मागनं पट्टा लावलाय,
लहान पोरांच्या चपलेला लावतात तसा.
सासरे असते तर हसले असते.
पण तेल पाजताना तळ जरा कोरडाच ठेवला मी,
चालताना करकर वाजावा म्हणून.
पायाला कळत नाही, कानाला कळतं:
आहे अजून, आहे.
परवा दुधाला जाताना मधेच आवाज थांबला,
मी खाली बघितलं.
मीच थांबले होते.