धुऱ्यापर्यंत

पितळ अजून पोत्यात आहे.
आधी नुसता श्वास.

दशरथमामा म्हणायचे, "पोट फुगव.
खांदे कायले वर करतं? ओझं उचलाचं हाय का?"
आणि माझ्या बेंबीवर तळहात ठेवून
उभे राहायचे, कुणाच्या दाराशी उभं राहावं तसे,
आतून कडी निघेल म्हणून.

चार मोजून आत. चार धरायचे. आठ बाहेर.
मला आठ कधीच जमले नाहीत.
सहाव्यावरच मी खडखडायचो,
उन्हाळ्यातल्या हातपंपासारखा.
मग त्यांनी आकडे सोडले
आणि मला उत्तमराव ढोक्यांच्या वावरात नेलं.

आखाड सरलेला. लग्नं संपलेली,
बँडवाल्यांच्या टोप्या खुंटीवर.
पऱ्हाटी गुडघ्याएवढी,
डवऱ्याला एक पांढरा, एक बांडा.
"बैल इकडून वळले का ओठ सुरू कराचे,
तिकडं धुऱ्याले टेकले का थांबाचं.
मधात तुटला तं पुन्हा पह्यल्यापासून."

फक्त ओठ. फुर्रर्रर्र.
गालाला खाज सुटायची, नाकातून पाणी यायचं.
पंधरा दिवसांनी माउथपीस मिळालं,
तेही नुसतं, शेपटी नसलेलं,
आणि त्यातून बदकाचं पिल्लू ओरडायला लागलं.
निंदणाऱ्या बाया विळा थांबवायच्या.
"पोराले उचकी लागली का बाप्पा?"
मामा त्यांच्याकडे बघतही नसत.
बघायचे माझे खांदे.

अर्धं तास.
अर्ध्याच्या पुढं चार झाडं.
मग पुन्हा अर्धंच, कारण रात्री मी जास्त जेवलो होतो.
एकदा बांड्यानं मध्येच पान ओढलं, थांबला,
आणि मी थांबलेल्या बैलाकडे बघत
फुंकत राहिलो, डोळ्यांपुढे काजवे येईतो.
त्याला शिवी देण्यापुरतीही हवा उरली नव्हती.

पोळ्याच्या चार दिवस आधी
सूर धुऱ्याला टेकला.
मी ओरडलो. मामा म्हणाले, "हूं. आता कॉर्नेट आणजो."

खांदशेकणीच्या संध्याकाळी
उत्तमराव पळसाच्या पानानं
बैलांच्या खांद्यांना हळदतूप चोळत होते.
जू जिथं टेकतं तिथली कातडी
काळी, गुळगुळीत, माझ्या तळव्यापेक्षा जाड.
मला म्हणाले, हात न थांबवता,
"त्या दिशी पयवले बरं यायले, तुह्यासाठी.
तू निळा पडला होतास ना बे."

मी काही बोललो नाही.
पानावरचं उरलेलं तूप घेतलं
आणि बांड्याच्या खांद्याला लावलं.

आज मला सत्तेचाळीस चालू आहे.
वरातीत डीजेच्या भिंतीपुढे आम्ही सहा जण,
आमचा सूर आम्हालाच ऐकू येत नाही,
तरी रोज पहाटे पोट आधी, ओठ नंतर.
थंडीत माउथपीस काखेत धरून येतो,
वाल्वला शिलाई मशीनचं तेल.
मामा गेले. ढोक्यांच्या वावरात आता तुषार संच,
तोही सकाळभर फुर्रर्र फुर्रर्र करतो,
एका श्वासात, कुणी शिकवल्याशिवाय.

सुजाताला युफोनियम हवं आहे.
तिच्या छातीपेक्षा रुंद.
ती मोबाईलवर सेकंद लावते,
नऊवर तुटतं, मोबाईल आपटते.
म्हटलं ठेव तो.
मी या टोकावरून चालायला लागतो,
मी धुऱ्याला टेकेपर्यंत सोडायचं नाही.

तुरीच्या ओळींमधून जातोय.
मागून ओठांचा आवाज येतोय,
जरा थरथरतो, बसतो, पुन्हा उभा राहतो.
माझी पावलं आपोआप लांब पडतात.
वळून बघायचं नाही, खांदे दिसतील.
धुरा अजून वीसेक हात,
आणि धाप मलाच लागली आहे.