पासंग

कंधारच्या बाजारात मटण तोलतो मी,
बत्तीस वर्षं झाली.
खाणं सोडलं त्याला दोन.
कारण विचारू नका,
ते माझ्यात न् एका शेळीत आहे.

गिऱ्हाईक हसतं :
‘दिगूभाऊ, वाळून जाताल.’

वाळलो नाही.
सुंद्रानं हुलग्याचं माडगं लावलं,
करडईची कोवळी भाजी, वर लिंबू पिळून,
भाकरीवर जवसाची चटणी,
तेलाची धार सैल हातानं.
ती स्वतः अजून रस्सा खाते,
माझ्यासमोर, नळी चोखत.
मला वास येतो, भूक येत नाही.

मग पौषात तळपायाला मुंग्या आल्या.
सुरा हातातून दोनदा निसटला.
सरकारी दवाखान्यातली पोरसवदा डॉक्टरीण
कागदाकडं बघत म्हणाली,
‘रक्त चांगलंय, काका. बी-बारा संपलंय.
ते पाल्यात नसतं, डाळीत नसतं.’
कुणावर चिडावं कळेना,
भाजीवर का शेळीवर.

सुया झाल्या. आता रोज एक गोळी,
तांबडी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

माझ्या तराजूचं एक पारडं जन्माचं हलकं.
त्याला चिंधीत बांधलेला खडा लटकतो,
बापाच्या वेळचा.
गोळी गिळताना
तोच आठवतो.