मशीन तापलंय

सोजरबाई खुर्चीत बसते ती अर्धीच,
उरलेली खुर्ची जणू दुसऱ्या कुणाची.
दिवसभर मिरच्यांचे देठ खुडून आलेली,
हात पदरात गुंडाळलेले, नखांच्या कडा लाल.
मी पट्टा बांधते, फुगा दाबते,
ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करते.
एकशे सत्तर, शंभर.
"माले काय व्हयनं? मी ते चांगली शे.
तुमनं मशीनच तापेल शे, डॉक्टरीन बाई."

तिचं अगदीच चुकत नाही.
दोंडाईच्यात मार्चमध्येच पत्रा तापतो,
पंखा गरम हवा
या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात ठेवतो,
आणि मार्केटकडून वारा आला
की अख्खी वेटिंग रूम एकदम शिंकते,
बाळंतीण, तिची सासू,
औषध कंपनीचा टायवाला मुलगा,
आणि आतून मी.
तरी मी सांगते, रोज दहादा सांगते,
मशीन खोटं बोलत नाही.
मीठ कमी. पापड बंद.
अर्धा तास चालायचं.
"दोन कोस चालतच ते येस मी,
ते धरतस नही का?"

यावर माझ्या पुस्तकांत उत्तर नव्हतं.

आम्ही तिघी चालतो स्टेशनात,
पहाटे पाचला, फलाटावर.
गावात एवढा सपाट दुसरा तुकडा नाही.
पुष्पलता गिरासे दातांची, नसीम मुलांची,
मी बायकांची.
सोळा फेऱ्या ठरलेल्या,
त्यातल्या पाच कुणीतरी खातं,
"मॅडम, आलाच आहात तर जीभ बघता का?"
नसीम कॅल्शियमच्या गोळ्या फ्रिजवर ठेवते,
समोर दिसाव्यात म्हणून.
आता त्या फ्रिजचाच भाग झाल्यात.
पुष्पलता कमरेचा पट्टा दवाखान्यात खुंटीला टांगते,
पेशंट विचारतात, हा कुणाचा राहिला?
ती म्हणते, येईल, न्यायला येईल.
आम्ही हसतो. मालगाडी जाते.
हसणं तिच्यात बुडतं,
शेवटच्या डब्यामागून पुन्हा निघतं.

रविवारी ऋजुताचा शाळेचा प्रकल्प,
घरातल्यांचं बीपी, तक्ता, रंगीत पेन.
सासूबाई, वय एक्क्याऐंशी, एकशे अठ्ठावीस.
कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार,
त्यांनी स्वतःला कधी काही होऊच दिलेलं नाही.
तिचे बाबा, गणिताचे मास्तर,
एकशे वीस. आकडासुद्धा सरळ रेघेत.
मग माझा दंड.
हाताला कणीक, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या,
खांद्यात धरलेल्या फोनवर निमगूळची पहिलटकरीण,
पाणी गेलं का गं, रंग कसा होता?
ऋजुताने फुगा दाबला.
स्टेथोस्कोप तिच्या कानांना मोठा होतो,
कपाळाला आठी, ती मात्र बरोबर मापाची,
माझीच.
"एकशे अठ्ठावन्न. शहाण्णव."

मी म्हणाले, मशीन तापलंय,
खिडकीत होतं ना, उन्हात.

ती काही बोलली नाही.
मशीन माठाच्या ओल्या फडक्याशेजारी नेऊन ठेवलं,
दहा मिनिटं घड्याळ बघत बसली,
पेशंटला मी बसवते तशी,
आणि परत आली.
एकशे साठ.
तक्त्यात माझ्या नावापुढे 'उपाय' असा रकाना होता.
तो तिने रिकामा सोडला.
रात्री मी तो बघितला, दिवा न लावता,
मोबाइलच्या उजेडात.

सोमवारी सोजरबाई आली.
पट्टा बांधायच्या आधी
मी तिला माझा आकडा सांगितला.
का सांगितला, माहीत नाही.
रांगेत बावीस जणी होत्या.
तिने पहिल्यांदाच कॅलेंडरवरून नजर काढली,
मला नीट बघितलं,
डोळ्यांखाली, मग मनगटं, मग पाय,
जसं मी त्यांना बघते.
"पापड सोडा मंग," म्हणाली,
खुर्चीत मागे सरकून बसली,
आणि पदरातून हात काढून
टेबलावर ठेवला.