अधिक-उणे

उद्यमबागेत एकवीस वर्षं मी मापं घेतोय.
पंपाचा बोअर, पिस्टनची कड.
एका मिलिमीटरचे शंभर भाग करायचे,
त्यातले दोन इकडेतिकडे चालतात,
ड्रॉइंगवर तसं लिहिलेलंच असतं: अधिक-उणे.
तीन झाले, की लाल खडूची फुली
आणि नग भंगारात.

घरी मात्र वहीचं पान उभं दुमडून
डावीकडे भरमा, उजवीकडे तेजल,
आणि नऊ रात्री झाल्या, जुळत नाही.

भरमा मोठा. टायफॉइडनं त्याचं एक वर्ष खाल्लं,
म्हणून दोघं एकदमच पीयूसी सुटली.
(आजोबांचं नाव मिरवायला लाजतो,
कॉलेजात भरत सांगणार म्हणे. सांगू दे.)
त्याला फार्मसी, कोल्हापूरला.
सीमाभागाचा दाखला काढला, तीन खेपा घातल्या,
तरी वर्षाला एक लाख अठरा हजार.
तेजलचा सीईटीत नंबर वर लागला.
हुबळीला सरकारी सीट: त्रेचाळीस.
हॉस्टेल अजून धरलंच नाही.

बँकेतला साहेब फॉर्म पुढं सरकवून विचारतो,
यार हेसरल्ली?
कुणाच्या नावावर?
मला कन्नड कळतं.
तरी मी न कळल्यासारखा बसून राहतो.

त्या रात्री पान बघून तेजल म्हणाली,
बाबा, मधले पंच्याहत्तर हजार कुणाचे?
आवाज चढवला नाही तिनं.
दीड वर्ष पहाटे चारला उठून
मी जे वाचवले, ते कुणाचे?
आत भरमा जेवत होता.
ताटावरचा त्याचा हात थांबलेला
मला इथून दिसला.

बायको लोकरीचा गुंडा सोडवत होती.
म्हणाली, उंच पोराच्या स्वेटराला लोकर जास्त लागती.
म्हणून काय बुटकीच्या स्वेटराला
दोन बाह्या जादा लावू?
तेजल हसली. मग म्हणाली,
पण आई, लोकर माझ्या वाटणीची असली तर?
त्यावर बायकोनं सुया खाली ठेवल्या.

माझ्या वेळी हा घोळ नव्हता.
घरात फी एकच होती, आणि ती थोरल्याची.
मी आयटीआयला गेलो, हसतच गेलो,
हिशेब कुणी लिहिला नाही
आणि मीही तो कधी धरला नाही, असं सांगत आलोय.
पण नऊशे साठ रुपये.
बघा, अजून आकडा पाठ आहे.

मी म्हणालो, पोरी, भिशी लागली की देतो तुला.
ती म्हणाली, देऊ नका.
फक्त लिहून ठेवा.

म्हणून उजवीकडे, तिच्या नावाखाली,
शाईच्या पेनानं लिहिले पंच्याहत्तर हजार
आणि पुढं काय लिहावं ते न सुचून
रेघ मारली.
सकाळी डावीकडच्या यादीतला नवा मोबाइल
कुणीतरी खोडला होता. पेन्सिलीनं, पण खोडला होता.

दोघांना सारखी अशी एकच वस्तू घेता आली:
खडेबाजारातल्या निळ्या बादल्या,
एकशे चाळीसला एक. घासाघीस करून दोनशे साठला दोन.

स्टँडवर हुबळीची बस आधी लागली.
तेजल खिडकीतून म्हणाली, वही सांभाळा.
मग कोल्हापूरची.
भरमा चढला, उतरला, पाया पडला, परत चढला,
आणि गाडी निपाणीच्या दिशेनं वळल्यावर
बाकाखाली मला बादली दिसली.
त्याचीच. आत साबण, मग, आईनं घातलेली चटणीची बरणी.

पळालो थोडा. या वयात किती पळणार.

आता बाकावर बसलोय मांडीवर बादली घेऊन.
कंडक्टर विचारतो, कुठं जायचं?
एकशेतीस रुपये.
कुठल्या बाजूला लिहू?