सुरूचं झाड, एकवीस थर

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारामागे
माझं डीटीपीचं दुकान, दहा बाय आठ.
लग्नपत्रिका, दशावताराची पोस्टरं, वर्षश्राद्धं,
आणि नेत्यांचे वाढदिवस, जे बाराही महिने येतात.

डिसेंबरात कायतान रॉड्रिक्स आला,
होड्यांचा सुतार, कानावर पेन्सिल.
"नाताळाचा कार्ड करून दी गो. वीस प्रती. झाड व्हया."

मी तयार झाड उघडलं,
त्रिकोणी, गर्द, फांद्याफांद्यांवर पांढरं.
त्याने चष्मा कपाळावर ढकलला.
"ह्यो बर्फ खंयचो?
आपल्याकडे बर्फ सुरमयेच्या पेटयेत.
पूस."

बर्फ पुसला तर खाली झाडच नव्हतं.

"मग कुठलं झाड?"
त्याने नुसती हनुवटी उडवली
बंदराकडे, जिथे सुरूची रांग
पाठ वाकवून उभी असते.

तर कोरं पान. पहिला थर आभाळाचा:
वर बांगड्याची पाठ, खाली येता येता बांगड्याचं पोट.
दुसरा वाळूचा, आठ टक्के खरखर घालून.
सुरूला पानं कसली, दोरेच असतात,
तसा ब्रश माझ्याकडे नव्हता.
कोपऱ्यातल्या खराट्याच्या हिरांचा फोटो काढला,
त्याचाच ब्रश केला,
आणि दुपारभर हिरवं झाडत बसले.

मधे वीज गेली.
चार थर गेले तिच्याबरोबर.
कायतान म्हणाला, "फळी चुकली तर आमी पण परत रंधतो,"
आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आला.

खोड मी सरळ काढलं होतं.
त्याने पेन्सिलीने पडद्यावर, काचेला न टेकवता,
हवेतच रेघ मारली.
"वारो खंय गेलो तुझो?"
मी झाड पाच अंश कलतं केलं.
"अजून."
आठ.
"अजून. पश्चिमेक माप नसता."
बाराला तो गप्प झाला.

मग फळं: पिकल्या सुपाऱ्या, केशरी, अंगावर उजेडाचा एक ठिपका.
दिवे म्हणून पिवळे कण, कडा धूसर,
रात्री ट्रॉलर दिसतात तसे, एकमेकांपासून लांब.
शेंड्याला गेल्या दिवाळीच्या फाईलमधली चांदणी,
तिची झिरमिळ्यांची शेपटी कापून.

शेवटी त्याने खिशातून कागद काढला.
सुपारीसुपारीवर एकेक नाव.
मार्था. ब्रूनो, जो जहाजावर आहे. कुवेतची इरेन.
तिची दोन पोरं, ज्यांनी हा किनारा फोटोतच पाहिलाय.
आणि आग्नेल.

आग्नेल मी टाईप केला,
अक्षर वळवलं सुपारीच्या गोलाईवर,
तसा तो म्हणाला, "ता नको. काढ."
माझं बोट डिलीटवर गेलं.
"पुसू नको!"
एवढ्या मोठ्याने, की बाजारातली बाई वळून बघायला लागली.

मी हात मागे घेतला.
थराच्या नावाशेजारी एक डोळा असतो, बारीक.
त्यावर टिचकी मारली. डोळा मिटला.
झाडावरची एक सुपारी गेली, तिथे नुसतं हिरवं.

"आता आसा, की नाय?"
"आहे. दिसत नाही एवढंच."
"आणि फाईल हलकी झाली?"
मी आकडा दाखवला. होता तेवढाच.
तो आकडा त्याने दोनदा वाचला,
जसं कोणी मोजमाप पट्टीवर ताडून बघतं.

वीस प्रती. दमट हवेने कडा किंचित वळलेल्या.
पैसे देताना नोटांबरोबर
लाकडाचा भुसा पडला काउंटरवर.

हार्डडिस्क माझी कधीचीच भरलीय.
एरवी काम झालं की सगळे थर एकात दाबून टाकते,
जागा वाचते.
हे झाड तसंच ठेवलं, सुटं, एकवीस थरांचं.
जागेसाठी ऑगस्टमधला एक वाढदिवस उडवला,
हसऱ्या चेहऱ्यासकट,
बेचाळीस शुभेच्छुकांसकट.