चौथाई

अटाकामात रात्री थंडी हाडं शोधत येते.
नायरा कोल्के दुर्बिणीखाली बसून
वहीत मांडते: अंतर दुप्पट,
हाती येणारी शक्ती चौथाई.
तिप्पट, तर नववा हिस्सा.

तारा काही हात आखडत नाही,
ती शिकाऊ पोराला सांगते,
देतो तेवढंच; फक्त
वाटेकरी आभाळ मोठं होत जातं.
पोरगा कोकाची पानं चघळत
हं म्हणतो.

खाली कलामाचा रस्ता.
तिथूनच तांब्याच्या खाणीकडे गेला होता
बापाच्या ट्रकचा मागचा दिवा,
आधी लिंबाएवढा, मग मोहरीएवढा,
मग वळण.
तेव्हा तिला वर्ग करता येत नव्हता.

आज ताऱ्याचं उत्तर येतं:
दशांशानंतर अकरा शून्यं,
मग एक तीन.
त्या तीनवर ती बोट ठेवते,
पुढचं गणित तसंच राहतं.