चेटकिणीचा खिसा

डोईफोडे मॅडमनी मोबाइल काउंटरवर आडवा ठेवला
आणि म्हणाल्या, अशी हवी. शनिवारी गॅदरिंग आहे.
पडद्यावर एक बाई, टोकदार टोपी, हिरवं तोंड,
खराट्यावर एका अंगाला पाय सोडून बसलेली,
जशा आमच्याकडं बाया मोटारसायकलवर मागं बसतात.

सेलूत रेल्वे फाटकाच्या अलीकडं माझं ड्रेपरीचं दुकान.
मावळे बावीस आहेत, पऱ्या पाच, यमाची जोडी,
दोन माणसं आत शिरतील असं एक अख्खं गाढव.
चेटकीण नव्हती.

जमवली.
डगला परभणीच्या कोर्टाबाहेर मिळाला,
कुण्या वकिलानं टाकलेला, काखेत उसवलेला.
टोपीसाठी शालूचं खोकं कापलं,
आतून दुकानाचा पत्ता अजून वाचता येतो.
केसांना अंबाडी, रात्रभर शाईत बुडवून.
नाक कागदाच्या लगद्याचं आणि त्यावर चामखीळ म्हणून
डिंकानं चिकटवलेला एक उडीद.
हिरवा रंग संपला होता, पोपटी लावला.

गयाबाई माझ्याकडं काजं करते, पंधरा वर्षं झाली.
बोलते कमी, दोरा दातानं तोडते.
तिनं टोपी उचलली, फिरवून पाहिली.
हे कुणाचं?
चेटकिणीचं म्हणलं. गोष्टीतली आहे, तिकडली.
कामून येवढं घातलं हिनं?
ओळखू यावी म्हणून.
गयाबाई हसली नाही.

मग सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडं न बघता:
आमच्या गावात लोचनाला म्हणायचे तसं.
काळं नेसत नव्हती ती, काळं आवडतच नव्हतं तिला.
जांभळं इरकल, पिवळा काठ, धुऊन धुऊन इटलेलं.
नाक सरळ, त्यात मुरणी.
पाय बी सरळच, टाचा उललेल्या,
मी सोता तेल लावलंय त्या टाचांना.
अमुशाला केस सोडून बसली व्हती, म्हणले.
न्हालती हो बाई. केस वाळवायली व्हती.

त्याच आठवड्यात कुणाची तरी म्हैस आटली
आणि एका पोराचा ताप उतरंना.
पुढचं तिनं सांगितलं नाही,
काज मात्र गरजेपेक्षा घट्ट विणलं,
इतकं की नंतर त्यातून बटण जाईना.
टोपी असती तर बरं झालं असतं, ती म्हणाली,
काढून तरी ठिवली असती.

मी हुक मोजत बसलो. दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी डगला इस्त्रीला घेतला
तर आतल्या अंगाला एक खिसा,
वीतभर खोल, दुहेरी शिलाईचा, वर बटण.
चेटकिणीला खिसा कशाला, गयाबाई?
लागतो की, म्हणाली.
रातच्या रात निघायचं म्हणल्यावर काय बी न्यावं लागतं.
लोचनाच्या हातात नुसती फणी व्हती.

शनिवारी चौथी ब मधली मिस्बा चेटकीण झाली.
अशी हसली की पहिल्या रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं
आणि माइक बंद पडला.
उडीद दुसऱ्या प्रवेशातच गळाला.
शेवटी राजपुत्रानं तिला विहिरीत ढकललं, म्हणजे बाकामागं,
तर ही उठून उभी राहिली,
टाळ्या थांबेपर्यंत खाली बसलीच नाही.

भाडं एकशेवीस, अनामत दोनशे, सकाळी अकराच्या आत परत.
मिस्बा पावणेबाराला आली,
टोपी चेपलेली, कानामागं पोपटी तसाच.
दंड घेतला नाही. का ते मला विचारू नका.
डगला झटकला तर खिसा खुळखुळला:
बोरांच्या बिया, एक रबर, दोन रुपयांचं नाणं.
मी ओतून टाकणार, तेवढ्यात गयाबाईनं तो हातातून घेतला,
बिया तेवढ्या वेचून बाहेर टाकल्या,
नाणं आत राहू दिलं
आणि त्या घट्ट काजातून, अंगठ्यानं रेटून रेटून,
बटण लावलं.